ताई, दुसरं पातेलं चढवूच नका

पत्र एका ताईंचं आहे, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. घरातले नऊ जण, म्हणजे सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन लहान मुलं, ताई, त्यांचे मिस्टर आणि एकोणीस वर्षांची लेक. दरवर्षी समुद्राकाठी किचन असलेलं घर सहा दिवसांसाठी भाड्याने घेतात. लेक गेल्या वर्षी व्हीगन झाली, म्हणजे मांस-मासे, अंडी तर नाहीच, पण दूध-तूपही खात नाही. गेल्या सुट्टीत ताईंनी रोज दोन वेगळे स्वयंपाक केले, पाण्यात पाय बुडवायला जेमतेम एकदा गेल्या, बाहेर जेवायला गेलं की लेक फिंगर चिप्स आणि काकडीवर राहिली, आणि सासूबाई रोज म्हणायच्या की हे काय नवीन फॅड, पोरगी वाळत चाललीय. यंदा लेकीने फोनवर सांगितलं, "आई, तुम्ही सगळे जा, मी नाही येत." ताई विचारतात, तिच्यासाठी सहा दिवसांचं काय काय करून नेऊ म्हणजे ती येईल?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझं लक्ष त्या पाण्यात पाय बुडवायच्या वाक्यावरच अडकलं. मला असं वाटतंय की तुमची लेक जेवणासाठी नाही म्हणत नाहीये, तिने तुम्हाला सहा दिवस ओट्यापाशी उभं बघितलंय आणि ते आपल्यामुळे झालं असं तिच्या मनात बसलंय. माझा अंदाज चुकत असेल तर तीच सांगेल, पण तुम्ही यंदा अजून चार डबे जास्त करून नेलेत तर ती अजूनच अवघडेल. म्हणून तिच्यासाठी काय करू हा प्रश्नच सोडा. नऊ जणांसाठी असं काय करता येईल जे ती पण पोटभर खाईल, असा विचार करा. एकदा असा विचार केला ना की अर्धं काम तिथेच कमी होतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझा भाचा व्हीगन झाला त्या वर्षीच्या सुट्टीत मी पण हेच केलं होतं, त्याचे वेगळे डबे, डब्यांवर त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या, फ्रिजचा एक कप्पा त्याचा. तिसऱ्या दिवशी जेवताना घरातल्या सगळ्यात लहान पोरीने विचारलं, "दादाला बरं नाहीये का?" तो हसला पण मला ते फार लागलं, कारण खरंच तो आजारी माणसासारखा कोपऱ्यात आपला डबा उघडून बसला होता आणि आम्ही सगळे मोठ्या पातेल्यातून वाढून घेत होतो. त्या रात्रीपासून आमच्याकडे मधलं पातेलं सगळ्यांचं असतं, आणि ते व्हीगन असतं, बाकी ज्याला जे पाहिजे ते तो वरून घालून घेतो.

म्हणजे कसं, तर टोमॅटोचा सॉस करायचा, त्यात मसूर डाळ शिजवायची म्हणजे तो चांगला दाट आणि पोटाला आधार देणारा होतो, पास्ता उकडायचा, बटर न घालता तेलावर सगळं करायचं, हे झालं मधलं पातेलं. चीज किसून एका वाटीत, उकडलेली अंडी दुसऱ्या वाटीत, सासऱ्यांना मासा हवा असेल तर तो वेगळ्या तव्यावर, आणि हे वरचं वरचं काम दुसऱ्या कोणीतरी करायचं, तुम्ही नाही. किंवा नारळाच्या दुधात भाज्या आणि काबुली चणे घालून रस्सा आणि भात, याला तर वरून काही लागतच नाही, क्रीम घातल्यासारखं लागतं आणि मुलं पण चाटूनपुसून खातात. किंवा टेबलावर भात, राजमा, चिरलेल्या भाज्या, मक्याचे दाणे, दोन सॉस असं मांडून ठेवायचं आणि ज्याने त्याने आपापला वाडगा भरायचा. फक्त एक बारीक गोष्ट, प्रत्येक वाटीला तिचा तिचा चमचा ठेवा. अंड्याचा चमचा सॉसमध्ये बुडाला की लेक काही बोलणार नाही, गप्प बसेल आणि तो सॉस खाणार नाही, आणि तुम्हाला कळणारही नाही की ती का जेवली नाही.

सामान भरताना लेबलं वाचायची, ते काम लेकीलाच द्या, तिला एव्हाना पाठ असेल. सुका पास्ता बहुतेक वेळा नुसता गव्हाचा रवा आणि पाण्याचा असतो, पण ताजा पास्ता म्हणून मिळतो त्यात बऱ्याचदा अंडं असतं. ब्रेडमध्ये दुधाची पावडर असू शकते, सूपच्या क्यूबमध्ये चिकन किंवा दुधाचे पदार्थ, मुलांच्या जेलीत जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. केसीन आणि व्हे असं लिहिलेलं दिसलं की ते दूधच. आणि मध पण व्हीगन लोक खात नाहीत, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर त्या प्रेमाने लिंबू-मध पाणी करून देतील आणि दोघींची तोंडं पडतील.

आता त्या घरातल्या किचनबद्दल. भाड्याच्या घरात भांडी असतात पण नऊ माणसांचं पातेलं नसतं आणि सुरीला तर धार कधीच नसते. तुमचं मोठं पातेलं, धारवाली सुरी, कुकर आणि मसाल्याचा डबा एवढं घेऊन जा. कुकर का म्हणतेय तर कडधान्यांसाठी. काबुली चणे आठ ते बारा तास भिजवायचे, पण समुद्राकाठी हवा दमट आणि गरम असते, रात्रभर ओट्यावर ठेवले तर सकाळी फेस आलेला असतो, म्हणून फ्रिजमध्ये भिजवा. राजमा कधीही अर्धाकच्चा ठेवू नका. त्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं, मंद आचेवर नुसता गरम होत राहिला तर ते जात नाही आणि चार-पाच दाण्यांनी सुद्धा उलट्या होऊ शकतात. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं आणि नव्या पाण्यात चांगला खळखळून अर्धा तास तरी उकळायचा, नाहीतर सरळ कुकरला लावायचा. स्लो कुकर असेल त्या घरात तर त्यात कच्चा राजमा टाकून बीचवर निघून जाऊ नका. हे सगळं नको असेल तर डबाबंद कडधान्यं घ्या, ती शिजलेलीच असतात, चाळणीत पाण्याखाली धुतली की त्यातलं मीठही बरंच कमी होतं. सुट्टीत डबाबंद वापरण्यात काहीच कमीपणा नाही, मी तर म्हणेन पहिल्या दिवशी पोचल्यावर तेच करा, प्रवासाने सगळे दमलेले असतात. मसूर डाळ भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत होते, ती जास्त न्या.

टोफूची, म्हणजे सोया दुधाच्या पनीरची, एक युक्ती सांगते जी मला फार उशिरा कळली. घट्ट टोफू निघायच्या दोन दिवस आधी फ्रीझरमध्ये टाका. गोठला की पिवळट दिसतो, घाबरू नका. तो कूलर बॉक्समध्ये बर्फाच्या जागी ठेवायचा, म्हणजे वाटेत बाकीचं सामान थंड राहतं, आणि पोचेपर्यंत तो सुटायला लागतो. पूर्ण सुटला की दोन तळहातांमध्ये दाबून पाणी काढा, अगदी स्पंजासारखा झालेला असतो, कारण आतल्या पाण्याचा बर्फ होताना त्यात भोकं पडतात. असा टोफू मॅरिनेड, म्हणजे मुरवायचा मसाला, खूप छान पितो. सोया सॉस, लसूण, तिखट, थोडं तेल आणि थोडी साखर लावून तासभर ठेवा आणि ग्रिलवर टाका. ज्यांना टोफू म्हणजे बेचव वाटतो त्यांनी हा खाऊन बघावा. मऊ सिल्कन टोफूला मात्र हे जमत नाही, तो गोठवला की वेगळाच काहीतरी होऊन बसतो. आणि सोया चंक्स न्याच, वजनाला हलके, फ्रिज नको, आणि सुक्या शंभर ग्रॅममध्ये साधारण पन्नास ग्रॅम प्रोटीन असतं, सासूबाईंना हा आकडा सांगा.

ग्रिल करणार असाल तर क्रम ठरवून घ्या, आधी स्वच्छ जाळीवर भाज्या, मशरूम, वांगी, ढोबळी मिरची, कणसं, टोफू, मग मासे. नाहीतर लेकीचं सगळं फॉइलमध्ये गुंडाळून. तिला आधी विचारा की तिची हद्द कुठे आहे. काही व्हीगन मुलांना एका जाळीवर चालतं, काहींना वेगळा तवाच लागतो, काहींना वासानेही नको होतं. तुम्ही गृहीत धरून त्रास करून घेण्यापेक्षा पाच मिनिटांचं बोलणं बरं.

नाश्त्याला पॅनकेक करा, अंड्याच्या जागी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवायची, एका अंड्याचं काम होतं, चमचे मोठे घ्यायचे. पिकलेलं केळं कुस्करून घातलं तरी चालतं. सोया दुधाचे सीलबंद खोके फ्रिजशिवाय टिकतात म्हणून तेच न्यायचे, उघडल्यावर मात्र फ्रिजमध्ये. कडक गरम कॉफीत ते कधीकधी फुटतं, कॉफी जरा निवू द्या आणि दुधात कॉफी हळूहळू ओता, उलटं नाही. आणि जाऊबाईंना आधी विचारून घ्या की मुलांपैकी कोणाला शेंगदाणे, काजू किंवा सोयाची ॲलर्जी तर नाही ना, व्हीगन स्वयंपाकात या तिन्ही गोष्टी खूप येतात.

दुपारचं जेवण बीचवर न्यायचं असेल तर एक गैरसमज आहे तो सोडा. पुष्कळ लोकांना वाटतं मांस-मासे नाहीत, दूध नाही, म्हणजे हे उन्हात टिकेल. नाही टिकत. शिजवलेला भात, कडधान्यं, टोफू, चिरलेलं कलिंगड, सगळं खराब होतं. बाहेर दोन तास, आणि तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, त्यानंतर टाकून द्यायचं. भाताची तर मला जास्त काळजी वाटते, कारण भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात ते उकळूनही मरत नाहीत, भात बराच वेळ कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही. म्हणून रात्रीचा उरलेला भात पातेल्यात झाकून ठेवू नका, परातीत पसरून पटकन निववा आणि फ्रिजमध्ये टाका.

दोन कूलर बॉक्स ठेवा, एक पिण्याचा आणि एक खाण्याचा, कारण मुलं दर पाच मिनिटांनी पाण्याचा बॉक्स उघडतात आणि तेवढा गारवा निघून जातो. पाण्याच्या बाटल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवून त्याच बर्फ म्हणून वापरा, मोठा बर्फ चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो आणि वितळला की प्यायला थंड पाणी मिळतं. बॉक्स सावलीत, वर ओला टॉवेल.

आणि वाळू! डबा उघडून, चमचे वाटून, वाढून घेऊन जेवायचं म्हटलं की प्रत्येक घासात कचकच. वाडग्यातलं जेवण रात्रीसाठी, दुपारी फक्त हातात धरून खाता येईल असं, एकेकाचा वेगळा गुंडाळलेला रोल, आत हमस (काबुली चणे आणि तिळाची मऊ चटणी) किंवा कुस्करलेले मसालेदार चणे, काकडी, गाजर, कोबी. टोमॅटो आत घालू नका, पाणी सुटून रोल फाटतो, तो वेगळा न्या. पोहून आलेल्या मुलांना भूक प्रचंड लागते, त्यांना सलाड देऊन भागत नाही, म्हणून पीनट बटर-केळ्याचे सँडविच जास्तीचे ठेवा, भाजलेले दाणे, खजूर, फळं ठेवा. घामाने मीठ जातं, त्यामुळे खारे दाणे त्या दिवशी चांगलेच.

लिंबाचं एक सांगायचंय, हे कृपया विसरू नका. बीचवर बसून लिंबं पिळायची नाहीत. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर कडक ऊन पडलं की काही लोकांना भाजल्यासारखं होतं, लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होऊन फोड येतात आणि डाग कित्येक आठवडे राहतात. सरबत घरीच करून बाटलीत न्या आणि पिळून झाल्यावर हात साबणाने धुवा, मुलांचे तर नक्कीच.

बाहेर जेवायचं एकदाच ठेवा, आणि त्या हॉटेलला आदल्या दिवशी गर्दी नसताना फोन करा. "व्हीगन आहे का" असं विचारलं तर बरेच जण हो व्हेज आहे म्हणतात आणि समोर बटर घातलेली भाजी येते. म्हणून नाव घेऊन विचारा, तूप, बटर, दूध, चीज, अंडं, फिश सॉस, मध, यातलं काही आहे का. आणि फिंगर चिप्सचं तेल विचारा, समुद्राकाठच्या ठिकाणी बऱ्याचदा ज्या तेलात मासे तळतात त्याच तेलात बटाटे तळतात. म्हणजे गेल्या वर्षी बिचारीचं जे एकमेव हक्काचं खाणं होतं ते सुद्धा कदाचित तिला चालणारं नव्हतं, आणि ती बोलली नसेल.

सासूबाईंचं काय करायचं ते सांगते. त्यांना वाद घालून पटणार नाही आणि जेवणाच्या टेबलावर तर मुळीच नाही. तुम्ही निघायच्या आधी त्यांच्याशी एकटीने बोला. फॅडचं म्हणाल तर व्हीगन हा शब्दच १९४४ चा आहे, ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हेजिटेरियन या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं जोडून तो केला, म्हणजे ऐंशी वर्षं होऊन गेली. पण सासूबाईंना शब्दाचं काही नाही हो, त्यांना नातीच्या तब्येतीची भीती वाटतेय, आणि ती भीती अगदीच चुकीची पण नाही. बी-१२ हे व्हिटॅमिन झाडपाल्यातून भरवशाने मिळत नाही, मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं, आणि व्हीगन माणसाने त्याची गोळी किंवा बी-१२ घातलेलं सोया दूध वगैरे घ्यायलाच हवं. समुद्रातलं शेवाळ खाऊन ते भागतं असं काही लोक सांगतात, त्यावर विसंबू नका. शरीरात याचा साठा असतो त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही, हळूहळू होते, आणि म्हणूनच दुर्लक्ष होतं. लेकीला व्हीगन होऊन वर्ष झालंय, तेव्हा ती गोळी घेते का हे तिला सरळ विचारा, घेत नसेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. "तुझी आजी काळजी करते, मला तिला नीट उत्तर द्यायचंय" असं म्हणून विचारलंत तर ती चिडणार नाही. मग सासूबाईंना सांगता येईल की हो, तुमचं बरोबर होतं, आम्ही बघून घेतलंय. आपलं कोणीतरी ऐकलं म्हटल्यावर माणूस रोज तेच तेच बोलत नाही.

आणि एक ठराव करा, कोणीही कोणाच्या ताटाबद्दल बोलायचं नाही. आजीने लेकीच्या ताटाबद्दल नाही आणि लेकीने आजोबांच्या माशाबद्दल नाही. दोन्ही बाजूंनी. हे तुमच्या मिस्टरांनी सांगावं, त्यांचे आई-वडील आहेत आणि त्यांचीही लेक आहे, सगळं तुमच्याच तोंडून का जावं.

आता कामाची वाटणी. सहा रात्री आहेत आणि तुम्ही त्यातल्या दोनच रात्री गॅसपाशी उभ्या राहायचं. एक रात्र बाहेर. एक रात्र दीर आणि मिस्टर ग्रिल करतील, त्या दिवशी तुम्ही नुसतं खुर्चीत बसायचं, उठून मीठ कमी-जास्त बघायला सुद्धा जायचं नाही. एक रात्र जाऊबाई, पास्ता त्यांना सहज जमेल. आणि एक रात्र लेकीची, पूर्ण तिची, मेन्यू तिचा, मदतीला दोन्ही लहान मुलं, भाज्या धुवायला, सॉस ढवळायला. ही रात्र मी मुद्दाम सांगतेय. एकोणीस वर्षांची मुलगी वर्षभर स्वतःच्या जिवावर व्हीगन राहतेय म्हणजे तिला काहीतरी चांगलं करता येत असणार, आणि घरच्यांनी ते अजून एकदाही चाखलेलं नाहीये बहुतेक. तिच्या रात्री काही बिघडलं तर बिघडू द्या, ब्रेड आणि पीनट बटर आहेच. सकाळचं भांड्यांचं काम मिस्टरांकडे.

तुम्ही तिला आज फोन कराल तेव्हा "मी सगळं करते, तू फक्त ये" असं म्हणू नका, त्याच वाक्याने ती मागे हटेल. तिला म्हणा की यंदा मला पाण्यात जायचंय आणि त्यासाठी मला तुझी मदत लागणार आहे, चौथ्या रात्रीचा स्वयंपाक तुझा, नऊ माणसांचं काय करशील आणि त्याला काय सामान लागेल ते मला लिहून पाठव. आणि कुकरची रिंग निघायच्या आधी बघून घ्या, जुनी झाली असेल तर नवीन घाला, तिकडे शोधत बसायला नको.